सांगून उघडलेली गाठ

आमच्या घरात आवाज न काढता बोलायची रीत होती. पुढच्या खोलीत बापूंचे दोन यंत्रमाग, त्यांच्यामध्ये एक माणूस आडवा होऊन जाईल एवढीच जागा, आणि सकाळी जे खडाक-खट सुरू व्हायचं ते दिवेलागणीपर्यंत. त्या आवाजावर ओरडून बोलणाऱ्याचा घसा आठ दिवसांत बसला असता. म्हणून अम्मा मधल्या दारात उभी राहून, ओठ मोठे करून, एकेक शब्द चावल्यासारखा नुसत्या तोंडानं बोलायची आणि बापू मान वर न करता डोळ्याच्या कोपऱ्यातून तो वाचायचे. भात उतरला, नळाला पाणी आलं, कुणी भेटायला आलंय, पोरीला ताप आहे, असा सगळा संसार ओठांवर चालायचा. मी शाळेत जायला लागले तेव्हा बाईंच्या तोंडाकडे इतकी टक लावून बघायचे की त्यांनी अम्माला बोलावून घेतलं आणि विचारलं, मुलीला ऐकू येतं ना? अम्मानं तिथंही सवयीनं आवाज लावलाच नाही. नुसते ओठ हलवून "येतं की" म्हणाली. बाईंची खात्री पटली की हे सगळं घरच बहिरं आहे.

घरात तेलुगू, सोलापुरातल्या आमच्या गल्लीत मराठी. अम्मा मागच्या पडवीत सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची, आणि तिच्या कात्रीचा पानांतून जाणारा बारीक करकर आवाज मला मागांच्या आवाजातूनही वेगळा काढता यायचा. दुपारी पुंडीची आंबट भाजी, भाकरी आणि शेंगाची चटणी. बापू जेवायला बसले की माग थांबायचे, आणि त्या अर्ध्या तासाच्या शांततेत कान वाजत राहायचे. बापू आधी मिलमध्ये होते. मिल बंद झाली तेव्हा मी चार वर्षांची होते, आणि पुढे जुने माग घेऊन त्यांनी घरीच काम सुरू केलं, एवढंच मला माहीत होतं. मिलबद्दल ते कधी बोलत नसत. विचारलं तर म्हणत, "झालं ते. बॉबिन भर."

सात वर्षांची झाले तेव्हा त्यांनी मला गाठ शिकवली. मागावर शेकडो उभे धागे ताणलेले असतात. त्यातला एक तुटला की माग थांबवून दोन टोकं शोधायची, जोडायची, आणि टोकांचे राहिलेले तुकडे नखाएवढ्या कात्रीनं छाटायचे. गाठ इतकी बारीक हवी की ती फणीतून निघून कापडात उतरली तरी बोटाला लागता कामा नये. "तुटलेला धागा दिसला आन् फुडं गेलीस," बापू म्हणायचे, "की कापडाला रेघ पडती. ती रेघ धुऊन जात न्हाय." छाटलेले तुकडे खाली टाकायचे नाहीत हाही नियम होता. ते उडून मागात अडकतात, म्हणून जिभेला लावून मागाच्या खांबाला चिकटवून ठेवायचे. संध्याकाळी तो खांब पांढऱ्या बारक्या केसांनी भरलेला दिसायचा आणि अम्मा तो ओल्या फडक्यानं पुसून काढायची. मी डावरी. बापूंची गाठ बघून बघून मी ती उलट्या हातानं बांधायला शिकले, आणि दहाव्या वर्षी माझी बोटं विचार न करता गाठ बांधू लागली. मागाशेजारून अभ्यासाचं पुस्तक घेऊन जाताना डोळ्याला तुटलेला धागा दिसायचा, आणि पुस्तक काखेत जाऊन गाठ बांधून झालेली असायची. गाठ बांधल्याचं मलाही नंतर कळायचं.

बापूंना जाऊन आता चार महिने होतील. हे लिहायला मी फार वेळ लावते आहे. दिवसाला एक परिच्छेद, कधी तोही नाही. पण ज्या दिवसाबद्दल लिहायचं आहे तो त्यांचाही दिवस आहे, म्हणून घाई करणं बरं वाटत नाही.

कॉलेजात मी कापडाचाच अभ्यास घेतला. शेवटच्या वर्षाला असताना आमच्या विभागातून एका विद्यार्थ्याला सहा महिन्यांसाठी इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका विद्यापीठात पाठवणार होते. तिथं वर्गातलं शिकणं थोडं आणि संग्रहालयाच्या कामाच्या खोलीत बसून हातानं शिकणं जास्त. माझं नाव निघालं. बापूंना सांगितलं तेव्हा त्यांनी माग थांबवला, जे ते जेवणाशिवाय करत नसत, आणि म्हणाले, "कापड शिकायला तितं? कापड तर हितंच हाय की." पण पासपोर्टच्या फोटोसाठी मला घेऊन तेच गेले, आणि फोटोवाल्याला तीनदा म्हणाले, "नीट काढा, लांब जायाची हाय." अम्मानं पत्र्याच्या डब्यात कडक भाकरी भरल्या. आमच्याकडची ही भाकरी पापडासारखी वाळवलेली असते, महिनाभर टिकते. तिनं इतक्या भरल्या की माझ्या बॅगेत पुस्तकं मावेनात.

ते गाव मी पहिल्या दिवशी पायी फिरून बघितलं. उंच चिमण्या, धूर एकीतूनही नाही, लाल विटांच्या लांबलचक भिंती आणि त्यांच्या फुटलेल्या खिडक्यांत कबुतरं. आकाश वेगळं होतं, थंडी वेगळी होती, पण गिरणीच्या भोंग्यावरून वेळ ओळखायची सवय सुटलेल्या माणसांचे चेहरे मला ओळखीचे वाटले.

मी राहायची ती खोली डोरिस नावाच्या बाईंच्या घरात. पासष्टीच्या, रुंद हाडाच्या, आयुष्यभर कापडाच्या गिरणीत माग चालवलेल्या. मला त्या 'लव्ह' म्हणायच्या, तेव्हा मी आधी लाजले. मग बघितलं तर भाजीवाल्याला आणि मांजरालाही तेच म्हणत होत्या. त्यांचं इंग्रजी मला पहिले दोन दिवस अजिबात कळलं नाही. तिसऱ्या दिवशी स्वयंपाकघरात किटली शिट्टी मारत होती, नळ चालू होता, आणि डोरिसबाईंनी ओट्यापासून वळून, ओठ मोठे करून, आवाज न लावता मला विचारलं, साखर किती? मला कळलं. मी तशीच, नुसत्या ओठांनी, म्हटलं, दोन. त्यांनी किटली खाली ठेवली.

"हे तुला कुणी शिकवलं?"

"अम्मानं. आमच्या घरात माग आहेत."

डोरिसबाई खुर्चीत बसल्या आणि हसता हसता त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांच्या गिरणीत पण असंच बोलत. एक कान त्या मागांनी नेला होता, दुसरा अर्धा. त्या दिवसापासून आमचं बोलणं जमलं. त्या कोबी उकडायच्या, बटाटे उकडायच्या, मटारसुद्धा रंग जाईपर्यंत उकडायच्या. मी शेंगाची चटणी त्यावर भुरभुरून जेवायची. एकदा त्यांनी कडक भाकरीचा तुकडा हातात घेऊन टेबलावर आपटून बघितला, मग सूपमध्ये बुडवला, आणि तेव्हापासून अम्माच्या डब्यातली भाकरी दुप्पट वेगानं संपू लागली.

संग्रहालयातली कामाची खोली मात्र फार शांत होती. तिथल्या मुख्य हेलन. सगळे त्यांना नुसतं हेलन म्हणत. माझ्या तोंडून ते निघेना, मग मी मनातल्या मनात हेलनबाई म्हणायची आणि तोंडानं काहीच म्हणायची नाही. वयानं फार मोठ्या नव्हत्या, पण खोलीत आल्या की टेबलावरचे हात आपोआप स्थिर व्हायचे. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं की इथं आपण कापड नवं करायला बसलेलो नाही, ते जसं आपल्यापर्यंत आलंय तसं ओळखायला बसलोय. प्रत्येक वस्तूचं एक कार्ड. त्यावर तीन रकाने: काय आहे, कोणत्या स्थितीत आहे, आणि काय उपाय करायचा. "तिसरा रकाना भरायची घाई सगळ्यांना असते," त्या म्हणाल्या. "बहुतेक वेळा त्यात 'काही नाही' असं लिहावं लागतं. ते लिहिणं सगळ्यात अवघड." आणि नोंद केल्याशिवाय हात लावायचा नाही. आदल्या वर्षी एका मुलीनं एका जुन्या टोपीची सुरकुती, कार्डावर न लिहिता, बोटांनी सरळ केली होती. तिचं त्या खोलीतलं शिक्षण त्याच दिवशी संपलं. हे हेलनबाईंनी शांतपणे सांगितलं, म्हणून जास्त लक्षात राहिलं.

चौथ्या महिन्यात माझ्याकडे एक कापड आलं. साधं, पांढरं, सुती, दिसायला आमच्या घरी गादीखाली घालतात तसं. पण ते त्या गावातल्या एका गिरणीच्या शेवटच्या दिवसाचं होतं. गिरणी बंद झाली तेव्हा मागावर जे अर्धं विणलेलं होतं, ते पुढचे न विणलेले उभे धागे हातभर लांब ठेवून तसंच कापून आणलेलं. मागावर कोण बाई होती हे कुणाला माहीत नव्हतं. त्या हातभर धाग्यांत काही तुटलेले होते, आणि माझं काम होतं ते मोजून कागदावर त्यांचा नकाशा काढायचा. सुती हातमोज्यांत धागे अडकतात, म्हणून या कामाला हात स्वच्छ धुऊन उघड्या हातांनीच बसायचं असतं. खुणेसाठी लागणारे दोरे कापायला जवळ एक बारीक कात्री होती.

सकाळची वेळ होती. खिडकीतून पांढरा उजेड येत होता. खाली रस्त्यावर कुणीतरी काम करत होतं आणि त्या यंत्राचा ठोका अगदी मागासारखा, एका लयीत चालू होता. मी मोजत होते. एक तुटलेला, नकाशावर खूण. दुसरा, खूण. असे सहा झाले. सातव्याच्या दोन्ही टोकांची लांबी पुरेशी होती, ती एकमेकांवर येत होती. मग मी पेन्सिल उचलायला गेले आणि बघितलं तर पेन्सिल काखेत होती.

सातवा धागा जोडलेला होता. गाठ बांधून, टोकं छाटून, कात्री जागेवर परत ठेवून झालेली होती. मी खाली वाकून बघितलं, मलाही गाठ शोधायला वेळ लागला.

 त्या बाईनं जो धागा सोडून दिला होता, ज्यासाठी ते कापड इतकी वर्षं जपलं होतं, तो मी दोन क्षणांत नीट करून टाकला होता. नकाशावर त्याची खूण अजून काढली नव्हती. सहा तुटलेले असं लिहिलं असतं तर कुणालाही कधीही कळलं नसतं. हा विचार मला आला, हे मी इथं लिहून ठेवते. तो बराच वेळ माझ्याजवळ बसून होता. सांगितलं तर टोपीवाल्या मुलीसारखी त्याच दिवशी खोलीबाहेर, आणि मग सोलापुरात, कॉलेजात, बापूंना काय तोंड दाखवायचं.

दुपारच्या सुट्टीत मी घरी आले. डोरिसबाईंनी चेहरा बघून विचारलं, आणि मी नुसत्या ओठांनी सगळं सांगितलं. ते आवाजात सांगवेना. त्यांनी ऐकून घेतलं, म्हणजे बघून घेतलं, आणि म्हणाल्या, "लव्ह, मी पण बांधला असता. माझी बोटं थांबलीच नसती." पण त्यांनी मार्ग सांगितला नाही. घरातल्या बोळात टेलिफोन होता, त्याच्याकडे बोट केलं. "तुझ्या वडिलांना विचार. हे काम त्यांचं आहे."

फोनजवळ अंडं उकडायचं वाळूचं घड्याळ ठेवलेलं असायचं. फोन तीन मिनिटांचा, वाळू संपली की ठेवायचा, हा घरचा नियम.

आमच्या गल्लीत हणमंतकाकांचा फोनचा बूथ होता. मूळचे वैरागचे, आवाज मोठा. दर रविवारी बापू तिथं येऊन बसायचे. तो रविवार नव्हता.

"कोण? पद्मा व्हय? अगं, आज मंगळवार की! बरी हायेस न्हवं?"

"बरी आहे काका. बापूंना बोलवाल?"

"आत्ता बोलावतो. माग बंद करत असतील. तू ठेव, धा मिंटानी लाव परत."

दहा मिनिटांनी बापू आले. धावत आलेले असणार, दम लागला होता. फोनवर ते माझ्याशी मराठीतच बोलायचे. हणमंतकाकांच्या बूथमध्ये उभं राहून त्यांना न कळणाऱ्या भाषेत बोलणं बरं दिसत नाही, असं त्यांचं म्हणणं. फक्त 'बिड्डा' हा एक शब्द तेलुगू असायचा. लेकरू म्हणून.

"काय झालं, बिड्डा?"

मी सांगितलं. एका जुन्या कापडातला तुटलेला धागा मी बांधला.

"मग?"

"बांधायचा नव्हता, बापू."

"कुणाला दिसला?"

"नाही."

"दिसणार न्हाईच की. मी शिकवलेली गाठ हाय." मागं हणमंतकाका हसल्याचं ऐकू आलं.

"तो तुटलेलाच ठेवायचा होता."

"तुटलेला ठेवायचा? मग त्ये कापड हाय का काय हाय?"

मग मी त्यांना गिरणीचं सांगितलं. शेवटचा दिवस, मागावरची ती बाई, न विणता राहिलेले धागे.   सांगून होईपर्यंत वाळू खाली पोचली होती. डोरिसबाई स्वयंपाकघरातून आल्या, घड्याळ उलटं केलं आणि परत गेल्या.

"आमची मिल बंद झाली तवा," बापू म्हणाले, "माज्या मागावर दोन धागे तुटलेले हुते. भोंगा झाला. मी म्हनलं, येवढे दोन बांदतो आन् निगतो. जॉबर, आमचा मुकादम, म्हनला, लिंगय्या, हात काड. आता कशाला." मग म्हणाले, "आजून दिसत्यात मला ते दोन धागे."

बावीस वर्षांची होते मी. मिलबद्दल बापूंच्या तोंडचं हे पहिलं वाक्य होतं आणि ते मी हजारो मैलांवरून, दुसऱ्याच्या बोळात उभी राहून ऐकत होते.

"तो धागा तिचा हाय, बिड्डा. तिनं सोडला तसा ऱ्हाऊ दे. उघड गाठ."

"पण आपली गाठ उघडत नाही, बापू. तुम्हीच सांगितलंय."

"पोरांना सांगायचं असतंय तसं. उघडती."

मग त्यांनी मला माझ्या शालीचा एक दोरा काढायला लावला. फोन खांद्यानं कानाशी दाबून मी बोळात उभ्या उभ्या गाठ बांधली. ते म्हणाले, गाठीत एक धागा वाकून उभा असतो आणि दुसरा त्याच्या गळ्यात फिरलेला असतो. फिरलेल्याला ओढलं की गाठ आवळते, मग कात्रीशिवाय इलाज नाही. वाकलेल्याला दोन्हीकडून धरून सरळ करायचं, मग फिरलेला आपसूक निसटतो. "माज्या गाठीत पलीकडचा वाकलेला असतो. तुजी गाठ उलटी. तुज्यात कापडाकडचा वाकलेला असणार. बारकी हुतीस तवापासून तुज्या गाठी मला शंभर धाग्यांत वळकू येत्यात."

डोरिसबाईंनी घड्याळ पुन्हा उलटं केलं.

"सुताला खळ हाय का?"

"आहे. वाळून कडक झालीय."

"मग थुंकी लाव."

"बापू! तसं चालत नाही इथं."

"बरं, मग तोंडाची वाफ दे. टोकं छाटलीस?"

"हो."

"तुकडे कुटं हायेत?"

 मला आत्ता, या क्षणी आठवलं.

"टेबलाच्या पायाला," मी म्हटलं.

"जिभंला लावून?"

"हो."

आता हणमंतकाका इतके मोठ्यानं हसले की बापूंनाही हसू आवरेना, आणि मीही त्या बोळात, डोळ्यांत पाणी असताना, हसले. मग बापू गंभीर झाले. "आन् एक. न सांगता बांदलीस ती बांदलीस. उघडताना सांगून उघड."

"सांगितलं तर घालवून देतील."

"तर ये की घरी. माग हायेत दोन." आणि फोन ठेवता ठेवता म्हणाले, "पर सांग."

मी परत गेले तेव्हा हेलनबाई खिडकीपाशी चहा घेत होत्या. मी उभ्यानंच सांगितलं. त्यांनी कप खाली ठेवला, भिंग घेतलं आणि टेबलाशी बसल्या. बराच वेळ त्या धाग्यांवरून भिंग फिरवत राहिल्या.

"कुठे आहे?"

मी बोट दाखवलं. त्यांनी भिंग जवळ नेलं आणि मान हलवली, रागानं की कशानं ते कळलं नाही.

"मला कळेल अशी भीती वाटली, म्हणून आलीस?"

"नाही," मी म्हटलं. "तुम्हाला कळलं नसतं."

उद्धट वाटलं असेल. पण मला दुसरं काही म्हणता येईना, खरं तेच होतं.  मग मी त्यांना टेबलाच्या पायाला चिकटलेले दोन तुकडे दाखवले आणि ते तिथं कसे लागले तेही सांगितलं. ते ऐकताना त्यांनी एकदा डोळे मिटून घेतले. चिमट्यानं तुकडे उचलले, पातळ कागदाच्या पाकिटात घातले, वर नंबर टाकला.

"आधी लिही," त्या म्हणाल्या. "सगळं. मग उघड. ही गाठ मला येत नाही, त्यामुळे तुलाच उघडावी लागेल."

तोंडाची वाफ त्यांनी मंजूर केली नाही. ओलसर टिपकागदाचा तुकडा गाठीजवळ ठेवला आणि आम्ही दोघी शेजारी बसून खळ मऊ व्हायची वाट बघत राहिलो. खालचं यंत्र थांबलेलं होतं. मग मी कापडाकडचा धागा दोन चिमट्यांत धरला.  बोटांना सवय होती, नुसती उलट दिशेनं जायची होती. धागा सरळ केला, थोडा, अजून थोडा, आणि दुसरा त्याच्या गळ्यातून सुटून बाजूला पडला. जसा त्या बाईनं सोडला होता तसा, फक्त नखाएवढा आखूड. मी पेन्सिल घेतली आणि नकाशावर सातवी खूण केली.

मला खोलीबाहेर काढलं नाही. पण पुढचे तीन आठवडे हेलनबाईंनी मला एकाही वस्तूला हात लावू दिला नाही. टेबलापासून एक हात लांब बसून फक्त कार्डं लिहायची. आज मला वाटतं, त्या सहा महिन्यांत मी जे काही शिकले ते त्या तीन आठवड्यांत. गाठ उघडली त्या संध्याकाळी मात्र त्या कार्ड भरताना थांबल्या आणि विचारलं, "उघडायची पद्धत कुणाकडून मिळाली, ते लिहायला हवं. वडिलांचं नाव काय?" मी सांगितलं. स्पेलिंग दोनदा विचारून त्यांनी लिहिलं: लिंगय्या, विणकर, सोलापूर.

घरी परतल्यावर मी बापूंना ते सांगितलं. नावाचं त्यांनी ऐकून घेतलं. एवढंच विचारलं, "कापडाकडचा वाकलेला हुता?"

"हो."

"बघ," ते म्हणाले आणि माग सुरू केला.

पुढे मी कॉलेजात शिकवलं, अनेक मुलामुलींना ती गाठ शिकवली, आणि उघडायलाही शिकवली. डोरिसबाईंची पत्रं बरीच वर्षं येत राहिली. माग कधीच विकले गेले. पुढच्या खोलीत आता माझ्या भावाच्या मुलीची गाडी उभी असते आणि आमच्या घरात सगळे आवाज लावून बोलतात. शेवटच्या दोन महिन्यांत बापू पलंगावरच होते. बोलणं जवळजवळ थांबलं होतं. मी शेजारी बसून, ओठ मोठे करून, नुसत्या तोंडानं विचारायचे, पाणी? ते डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचायचे. त्यांच्या अंगावर त्यांनीच विणलेली जुनी चादर असायची. तिच्या काठाला सुताच्या मोकळ्या दशा होत्या, आणि त्यांची बोटं दिवसभर त्या दशांशी काहीतरी करत राहायची. डॉक्टर म्हणाले, असं होतं, लक्ष देऊ नका.

ते गेल्यावर आठवड्यानं भाची चादर घेऊन आली. "आत्या, ही धुवायला टाकू? काठाला नुसती गुंतवळ झालीय. तुला सोडवता येते ना?"

मी चादर खिडकीत नेली. गुंतवळ नव्हती. दोन दोन दशा घेऊन नीट बांधलेल्या गाठी होत्या, उजव्या हाताच्या, पलीकडचा धागा वाकलेला. काही सैल, काहींची टोकं दातांनी तोडलेली. पण सगळ्या खऱ्या. मी मोजल्या.

"येते," मी म्हटलं. "राहू दे."

मग कपाटातून एक कोरं कार्ड काढून लिहायला बसले. पहिल्या रकान्यात लिहिलं: सुती चादर, सोलापूर, विणकर लिंगय्या. दुसऱ्यात: उजव्या काठाच्या दशांना अकरा गाठी, त्यांनी स्वतः बांधलेल्या. तिसऱ्या रकान्याशी आले तेव्हा बाहेर अंधारून आलं होतं. मी दिवा लावला, 'काही नाही' असं लिहिलं, कार्ड चादरीत ठेवलं आणि घडी घातली.